विजेचा स्वर आणि देवळाचे दार

गेल्या चातुर्मासात आमच्या देवस्थानच्या समितीपुढे एक अगदी साधा अर्ज आला होता. गावातील सात मुलांनी, त्यांत दोन मुली, अशी विनंती केली होती की, अग्रशाळेतील मागची खोली, जी कित्येक वर्षे फुटक्या समया आणि मोडक्या बाकांनी भरून पडली आहे, ती त्यांना आठवड्यातून एक सायंकाळ वापरावयास मिळावी. तेथे बसून लहान लहान विद्युत्-मंडले आपल्या हातांनी जोडावयाची आणि त्यांतून स्वर उत्पन्न करावयाचा, इंग्रजीत ज्यास सिंथेसायझर म्हणतात त्याचे प्राथमिक स्वरूप घरच्या घरी उभे करावयाचे, हा त्यांचा उद्देश होता. खोली झाडून घेण्याची, भाडे देण्याची त्यांची तयारी होती. विजेचा खर्च नव्हताच. कारण सर्व काम नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालावयाचे होते. समितीने अर्ज नामंजूर केला. कारण लिहिले ते असे: "देवालयाच्या परंपरेशी विसंगत."

त्याच बैठकीत आणखी एक ठराव झाला, आणि तो मात्र एकमताने. आरतीच्या वेळी बटण दाबताच आपोआप वाजणारा, मोटरीवर चालणारा नगारा, झांजा व घंटा यांचा एक तयार संच विकत घ्यावा, असा तो ठराव होता. इतिवृत्तात हे दोन ठराव एकाखाली एक लिहिलेले आहेत, आणि त्या दोहोंमधील विसंगती बैठकीतील एकाही सभासदाच्या ध्यानात आली नाही, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

आम्ही त्या देवस्थानचे महाजन आहोत आणि पेशाने वकील आहोत. अग्रशाळेतील खोली कोणास द्यावी, कोणास देऊ नये, हा समितीचा अधिकार आहे. त्याविरुद्ध आम्ही कोणत्याही न्यायालयात फिर्याद नेणार नाही. देवस्थानचे नावही आम्ही येथे देत नाही. कारण असे दोन ठराव एकाच बैठकीत करणारी समिती फोंडा महालापासून बेळगाव, इंदूर, बडोद्यापर्यंत कोठेही निघू शकेल. आमची फिर्याद वाचकांच्या न्यायासनापुढे आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही आधी त्याच्याच शब्दांत मांडू, आणि मग आमचा युक्तिवाद करू.

परंतु साक्षीदाराने प्रथम आपली माहिती कशावर आधारलेली आहे हे सांगावयास हवे. आम्ही या विषयात केवळ ऐकीव माहितीवर बोलत नाही. वयाची चाळिशी उलटल्यावर, दिवसभर दस्तऐवज चाळून थकलेल्या डोळ्यांनी, याच मुलांपैकी एकाकडून आम्ही हे काम शिकलो. तेव्हा ते काम काय आहे, हे थोडक्यात सांगतो.

जुन्या काळी लग्नमुहूर्ताची वेळ मोजण्यासाठी घटिकापात्र वापरीत, हे वाचकांस ठाऊक आहे. तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. छिद्रातून पाणी आत शिरे, वाटी भरे, बुडे, आणि जोशीबुवा ती रिकामी करून पुन्हा सोडीत. वाटी मोठी असेल तर भरावयास वेळ अधिक. छिद्र बारीक असेल तरीही वेळ अधिक. विजेच्या स्वराचे मूळ नेमके हेच आहे. कपॅसिटर ही वाटी, रेझिस्टर हे छिद्र, आणि पाण्याच्या जागी वीज. सी.डी. ४०१०६ या नावाची, नखाएवढ्या रुंदीची, चौदा पायांची एक काळी चिप बाजारात मिळते. तिच्या पोटात असे सहा जोशीबुवा बसलेले आहेत. वाटी ठराविक उंचीपर्यंत भरली की त्यांतील एक ती उपसू लागतो, आणि पाणी ठराविक खुणेखाली गेले की पुन्हा भरू लागतो. हे भरणे-उपसणे सेकंदाला शंभर, दोनशे वेळा झाले, आणि ते एका लहानशा ॲम्प्लिफायरमधून कर्ण्यापर्यंत पोहोचविले, की कानांस स्वर ऐकू येतो. एक चिप, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, एक बॅटरी: एवढ्यावर षड्ज उभा राहतो.

वाटी दुप्पट मोठी केली की स्वर एक सप्तक खाली उतरतो. छिद्र दुप्पट रुंद केले, म्हणजे रोध निम्मा केला, की तो एक सप्तक वर चढतो. दीडशे किलोओहमच्या रेझिस्टरवर जो स्वर निघेल त्यास षड्ज मानले, तर त्याच कपॅसिटरवर शंभर किलोओहम लावताच पंचम निघावयास हवा. कारण पंचमाचे षड्जाशी प्रमाण तीनास दोन असे आहे. आपल्या पूर्वजांनी तारेच्या लांबीवर जे गणित केले तेच येथे वेगळ्या वेषात भेटते. रेझिस्टरच्या जागी प्रकाशाने रोध बदलणारा एक लहानसा तुकडा बसविला, तर हाताची सावली पडताच स्वर खाली ओघळतो, हात दूर नेताच वर चढतो. कच्ची का होईना, मींड ऐकू येते.

आमचा पहिला प्रयत्न सपशेल फसला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तीन रात्री आमच्या कर्ण्यातून चकार शब्द निघाला नाही. आम्ही जोडणी पुनःपुन्हा तपासली, आकृतीशी ताडून पाहिली, आणि आकृती काढणारावरच संशय घेतला. चौथ्या दिवशी त्या चौदा वर्षांच्या मुलाने एक दृष्टिक्षेप टाकला आणि म्हणाला, "वकीलबाब, बॅटरी उरफाटी लायल्या." चिप केव्हाच जळून गेली होती. दुसरी चिप आणली तेव्हा स्वर निघाला. पण हात जवळ नेला की त्यात गुरगुर मिसळे. कारण असे की, चिपेचे जे पाय वापरात नाहीत तेही नुसते मोकळे सोडून चालत नाहीत; ज्या पायांनी चिप आत घेते, ते बॅटरीच्या ऋण टोकाशी बांधून टाकावे लागतात. वीस वर्षांच्या वकिलीत न्यायाधीशांनी आमचे जेवढे गर्वहरण केले नसेल तेवढे त्या काळ्या चिपेने चार दिवसांत केले. न्यायाधीशांपुढे युक्तिवाद करता येतो. उलट्या बॅटरीपुढे करता येत नाही.

आता प्रतिपक्षाचे आक्षेप पाहू.

पहिला आक्षेप असा की, ही वस्तू परकी आहे. आपल्या देवालयांच्या परंपरेत तिला स्थान नाही. हा आक्षेप घेणारे एक सन्मान्य सभासद स्वतः उत्तम भजनी गायक आहेत, आणि ते गातात पेटीच्या साथीवर. त्या पेटीचे कुळ कोणते? हार्मोनियमचे पेटंट पॅरिस येथे १८४२ साली अलेक्सांद्र दबेँ या कारागिराने घेतले. ती आपल्याकडे आली तेव्हा पायाने भाता हलवावयाचे, खुर्चीवर बसून वाजवावयाचे वाद्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी ती उघडली, तिची रचना बदलली, भाता मागच्या बाजूस आणून एका हाताने चालेल असा केला, आणि मांडी घालून बसणाऱ्या गायकापुढे ती ठेवता येईल अशी केली. तरीही तिचे परकेपण सहजी फिटले नाही. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी अंशतः उठावयास १९७१ साल उजाडावे लागले. मधल्या एकतीस वर्षांत आमच्या देवळांतील भजनी सप्ताह काय बंद पडले होते? नाही. ज्या पेटीस सरकारी नभोवाणीवर बंदी होती तीच आमच्या सभामंडपात विठ्ठलाच्या नामगजराची साथ करीत होती. जी समिती त्या पेटीच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी अंदाजपत्रकात तरतूद करते, तिने परकेपणाचा मुद्दा काढणे म्हणजे आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी आपणच घेण्यासारखे आहे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पेटी आपली झाली ती कोणी तरी ती विकत घेतली म्हणून नव्हे. विकत तर पुष्कळांनी घेतली होती. दिवाणखान्यात ठेवून तिच्यावर फुलदाण्याही मांडल्या होत्या. ती आपली झाली, कारण एका माणसास ती आतून कशी चालते हे कळले, आणि आपल्या बैठकीस सोयीची करण्याचे धाडस त्याने केले.

आमच्या घुमटाचेच उदाहरण घ्या. चवथीच्या आरत्यांत शामेळ आणि कासाळ्यांच्या संगतीने घुमट वाजला नाही तर आम्हा गोमंतकीयांना गणपती आल्यासारखा वाटत नाही. त्या मातीच्या घड्याच्या तोंडावर पिढ्यान्पिढ्या घोरपडीचे कातडे ताणले जात असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते गुन्ह्याचे झाले, आणि कारागीर हळूहळू बकऱ्याच्या कातड्याकडे वळले. नाद पूर्वीसारखा नाही, असे जुने वादक म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. तथापि याच घुमटास गोवा शासनाने २०१९ साली राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान्यता दिली. म्हणजे ज्या वाद्याचे मुखच बदलले ते वारसा ठरते, कारण ते घडविणारे आणि वाजविणारे हात अजून गावात आहेत. परंपरा म्हणजे केवळ जुनी सामग्री नव्हे. ती सामग्री हाताळण्याचे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे त्यांची अखंड साखळी म्हणजे परंपरा. ही व्याख्या मान्य असेल तर प्रश्न वस्तू देशी की परदेशी हा राहत नाही. आपण ती समजून घेणार की नुसती वापरणार, एवढाच राहतो.

दुसरा आक्षेप असा की, विजेचा स्वर निर्जीव असतो आणि अशा निर्जीव स्वराची सवय लागली की जिवंत कला मरते. या आक्षेपात निम्मे सत्य आहे, आणि ते आम्ही आधीच कबूल करतो. त्या चिपेतून निघणारा स्वर रुक्ष असतो, खरखरीत असतो. सनईचा ओलावा त्यात नसतो. पण निर्जीव म्हणणाराने तो नीट ऐकलेला नाही. मंद्र षड्जावर लावलेल्या त्या चौकोनी लहरीच्या पोटात तिसऱ्या आणि पाचव्या पटीचे उपस्वर दडलेले असतात. तिसऱ्या पटीचा म्हणजे मध्य सप्तकातील पंचम. पाचव्या पटीचा म्हणजे तार सप्तकातील गांधार. तंबोरा उत्तम मिळाला असता न छेडलेला गांधार आपोआप बोलू लागतो, त्यास गवई स्वयंभू गांधार म्हणतात. तो कोठून येतो याचा उलगडा आम्हांस अर्धे आयुष्य मैफली ऐकून झाला नव्हता. तो त्या खरखरीत स्वरापाशी कान नेऊन, त्यातील उपस्वर एकेक वेगळे करीत असताना झाला. ज्यास हा अनुभव आला तो तंबोऱ्यापासून दूर जाईल की त्याच्या अधिक जवळ येईल, हे सुज्ञांनी ठरवावे.

आणि जिवंत कला मरते म्हणाल, तर ती कोणी मारली? आमच्या देवळात शणै आणि नगारा वाजविणारे एक घराणे होते. आजोबा होते, वडील होते. मुलगा आता येत नाही. त्यास मिळणाऱ्या मानधनात त्याच्या दुचाकीचे पेट्रोलही सुटत नव्हते, हे आम्ही समितीच्या निदर्शनास दोनदा आणले. मानधन वाढविण्यास पैसा नव्हता. मोटरीच्या नगाऱ्यास मात्र पैसा निघाला! तो नगारा कसा वाजतो हे वाचकांनी ऐकले असेल. त्यास ना धुपारतीची लय कळते, ना पालखी वळत असताना द्यावयाची उसंत. भटजींचा श्वास संपो वा न संपो, काकडा असो वा शेजारती, त्याचा ठोका तोच. तो बिघडला की शहरातून कारागीर येईपर्यंत तो मुका. कारण गावातील कोणासही तो उघडण्याची परवानगी नाही, उघडला तर विक्रेत्याची हमी रद्द होते! म्हणजे ज्या यंत्रापुढे वादकही नको आणि जाणकारही नको, केवळ बटण दाबणारे बोट हवे, ते यंत्र देवापुढे चालते. आणि ज्या यंत्राचा प्रत्येक तुकडा मुलाने आपल्या हाताने बसविलेला आहे, ज्याचा स्वर कानाने जुळविल्याखेरीज जुळतच नाही, ते मात्र अग्रशाळेच्या मागच्या खोलीतही चालत नाही. यास आम्ही परंपरेचे रक्षण म्हणू शकत नाही. क्षमा असावी, पण हा आळस आहे, आणि त्याने परंपरेचे उपरणे पांघरले आहे.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटला, कारण तो घेणारे गृहस्थ समितीचे सभासद नव्हेत. ते आमच्या गावचे वृद्ध भजनी मास्तर आहेत, आणि त्यांना कोणाचेही लांगूलचालन करावयाचे नाही. ते म्हणाले, "मुलगा या डबीपाशी बसला की माझ्याकडे तंबोरा घेऊन कशाला बसेल? स्वर आयता मिळाला की गळा आळशी होतो." मास्तरांच्या या प्रश्नास आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. उत्तर मिळाले ते घडलेल्या प्रसंगातून, आणि ते मास्तरांच्याच ओसरीवर.

मुलांनी दोन स्वरांची एक पेटी तयार केली होती. एकीकडे दीडशे किलोओहम, दुसरीकडे शंभर. गणिताप्रमाणे षड्ज आणि पंचम. ती मोठ्या उत्साहाने मास्तरांकडे गेली. मास्तरांनी क्षणभर ऐकले, कपाळास आठ्या घातल्या आणि म्हणाले, "हा पंचम नव्हे. चढला आहे." मुलांनी आकडे दाखविले. मास्तरांनी आकडे पाहिलेही नाहीत. त्यांनी भिंतीशी उभा असलेला तंबोरा घेतला, पेटीच्या षड्जाशी मिळविला, आणि पंचमाची तार छेडून म्हणाले, "आता ऐका."

मास्तरच खरे होते, आणि आकडे खोटे होते. कारण बाजारात मिळणारा साधा रेझिस्टर छापलेल्या आकड्यापेक्षा पाच टक्के कमी-अधिक असू शकतो, आणि कपॅसिटर तर त्याहूनही बेभरवशाचा. एक अर्धस्वर म्हणजे सुमारे सहा टक्क्यांचा फरक. म्हणजे कागदावर बिनचूक असलेला पंचम प्रत्यक्षात जवळजवळ एक अर्धस्वर चुकलेला असू शकतो. यावर उपाय एकच: रेझिस्टरच्या जोडीस फिरता रोध बसवावयाचा आणि तो कानाने जुळवावयाचा. त्या दिवशी मुलांनी प्रथम दोन्ही बाजूंस षड्जच लावला. दोन षड्जांत किंचित अंतर असले की त्यांच्या मीलनात एक डोल उमटतो. अंतर सेकंदास तीन आंदोलनांचे असेल तर डोलही सेकंदास तीन. स्क्रू हळूहळू फिरवीत गेले की डोल मंदावतो, आणि स्वर एकजीव होताच तो नाहीसा होतो. मुले ते ऐकून थक्क झाली. मग मास्तरांच्या तंबोऱ्याशी पंचम जुळविण्यास दीड तास लागला. "अजून थोडा उतरव. अं हं, फार झाला. थांब!" असे म्हणत मास्तर त्या मुलाच्या हातातील पेचकस जणू तंबोऱ्याचा मणी असल्याप्रमाणे फिरवून घेत होते.

दुसऱ्या दिवशी ती मुले पुन्हा गेली. गांधार जुळवावयाचा होता. त्या दोन मुलींपैकी एक आता आठवड्यातून दोनदा तंबोरा घेऊन बसते. मास्तरांनी आपला आक्षेप मागे घेतला असे आम्ही म्हणणार नाही. ते एवढेच म्हणाले, "डबी मूर्ख आहे, त्यामुळे पोरे शहाणी होतील." आयता स्वर देणाऱ्या तयार यंत्रात पट्ट्या आधीच लावलेल्या असतात; तेथे कानास काम उरत नाही, आणि तेथे मास्तरांची भीती अगदी रास्त आहे. आपल्या हाताने जोडलेल्या मंडलात मात्र कोणी काहीच लावून दिलेले नसते. तेथे कान नसेल तर स्वर नाही.

चौथा आक्षेप व्यवहारी लोकांचा: हा पोरखेळ आहे, यातून ना गुण मिळणार, ना नोकरी. आम्ही विचारतो, छंदातून काही निघत नाही हे कशावरून? अमेरिकेतील रॉबर्ट मूग हा मुलगा वडिलांच्या संगतीने घरच्या कामाच्या मेजावर थेरमिन नावाचे, हात न लावता वाजणारे विद्युत्-वाद्य जोडीत असे. एकोणिसाव्या वर्षी, १९५४ साली, ते कसे बांधावे यावर त्याने मासिकात लेख लिहिला. आणि त्याच मूगने १९६४ साली जे यंत्र उभे केले त्याने जगाच्या संगीताची दिशा बदलली. हे दूरचे वाटत असेल तर शेजारी पाहा. बंगळूरचे जी. राज नारायण हे व्यवसायाने अभियंते आणि साधनेने बासरीवादक. आपल्या संगीताची गरज त्यांना वादक म्हणून ठाऊक होती आणि मंडलाची रचना अभियंता म्हणून. त्यांच्या हातून एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विजेची श्रुतिपेटी आणि पुढे विजेचा तंबोरा ही वाद्ये आकारास आली. आज आमच्यातील कित्येक गायक-गायिका पहाटेच्या रियाजास विजेचा तंबोरा लावून बसतात. त्याच वाद्यास परके म्हणून हिणवावयाचे आणि त्याच्याच सुरावर गावयाचे, ही दुटप्पी नीती आम्हांस उमगत नाही.

उलट बाजूचेही एक उदाहरण आपल्या देशातच आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूगचे मोठे यंत्र आले. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी ते बसविले, आणि गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराय जोशीपुरा अशा मंडळींनी त्यावर प्रयोग केले. १९७२ नंतर ते काम थांबले, आणि त्या ध्वनिफिती पुढे कित्येक दशके कपाटात पडून राहिल्या. त्यांचा संग्रह श्रोत्यांच्या हाती आला तो २०२३ साली. एवढे मोलाचे कार्य एका संस्थेच्या चार भिंतींत जन्मले आणि तेथेच निजले. आम्ही यावरून असा धडा घेतो की, एका ठिकाणी एक मोठे यंत्र असण्यापेक्षा शंभर गावांत शंभर लहान मंडले जोडणारी मुले असणे समाजाच्या अधिक हिताचे आहे. संस्था बंद होते. हाताने शिकलेली गोष्ट एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

राहिला शेवटचा आक्षेप, गोंगाटाचा. हा मात्र वाचून आम्हांस हसू आले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकास मनाई आहे. आमच्या सभामंडपावरील चार कर्णे या मर्यादेत कधी वाजतात, हे समितीने एकदा मोजून पाहावे. मुलांची पेटी कानास लावावयाच्या हेडफोनवर वाजते. ती शेजारच्या खोलीतही ऐकू जाणार नाही. विजेच्या धोक्याचे म्हणाल तर भिंतीवरील मुख्य विजेस हात लावावयाचा नाही, सर्व प्रयोग नऊ व्होल्टच्या बॅटरीवरच करावयाचे, हा नियम मुलांनी आपल्या अर्जात स्वतः होऊन लिहिला होता. अर्ज शेवटपर्यंत वाचला असता तर तो दिसला असता.

आमच्या फोंडा महालातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा आवाज १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत कोरून, सूर्यमालेच्या पलीकडे पाठविण्यात आला. देवळाच्या परिसरात वाढलेल्या परंपरेतील ती भैरवी आज ताऱ्यांच्या वाटेवर आहे. आम्ही त्या गोष्टीचा प्रत्येक सत्कारसमारंभात अभिमानाने उच्चार करतो. पण आमच्या बाईंचा गळा आणि दुसऱ्यांची तबकडी, दुसऱ्यांचे यान, दुसऱ्यांचे मंडल, ही वाटणी आपण किती काळ चालवणार? गळा आपला आणि मंडलही आपले, असे म्हणण्याचा दिवस आणावयाचा असेल तर त्याचा आरंभ कोठल्या तरी मागच्या खोलीतच होणार आहे.

आमची मागणी फार मोठी नाही. अग्रशाळेतील ती खोली आठवड्यातून एक सायंकाळ द्यावी. भजनी मास्तरांनी महिन्यातून एकदा तेथे येऊन स्वर तपासावेत. त्यांच्या कानाने नापास केलेली पेटी कितीही सुबक असली तरी ती नापासच समजावी. मोटरीचा नगारा घेण्याचा ठराव स्थगित करून ती रक्कम शणै-नगारा वाजविणाऱ्या त्या घराण्यातील मुलाच्या मानधनासाठी राखावी. आणि तो येण्यास तयार झाला तर त्याने देवळाचे जुने ठेके या मुलांस शिकवावेत, मुलांनी ते ध्वनिमुद्रित करून जतन करावेत.

या आशयाचा ठराव आम्ही देवस्थानच्या येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. तो रीतसर लिहून सचिवांकडे दिला आहे. सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा तूर्त कोरी आहे. ज्या महाजनांनी हा लेख येथवर वाचला असेल त्यांनी सभेच्या आधी एकदा भजनी मास्तरांच्या ओसरीवर जाऊन तो पंचम ऐकावा, आणि मग सही करावी किंवा न करावी.